पैसा दिल्लीतूनच

(संसद मार्ग. बँकेच्या इमारतीचा दर्शनी भाग, मग पाटी.)

11, संसद मार्ग, नवी दिल्ली. स्टेट बँकेची ही मुख्य शाखा. संस्था मेळघाटातली असो की मणिपूरमधली, तिला परदेशातून देणगी घ्यायची असेल तर पैसा आधी इथल्याच खात्यात जमा होतो. देशातली दुसरी कुठलीही शाखा त्यासाठी चालत नाही. तिथून मग संस्थेनं तो आपल्या गावच्या बँकेत न्यायचा. खातं उघडायला दिल्लीला यावं लागत नाही, जवळच्या शाखेतून कागद पाठवता येतात, हे खरं. पण ते उघडायची मुदत होती 31 मार्च 2021. नंतर ती 30 जूनपर्यंत वाढवली. करोनाच्या दुसऱ्या लाटेचे ते महिने. गावोगावच्या संस्था ऑक्सिजन आणि शिधा पोचवायच्या धावपळीत होत्या, आणि त्याच वेळी दिल्लीच्या खात्यासाठी सह्या गोळा करत होत्या.

(कार्यालय. कपाट, फाइली. नावं धूसर केलेली.)

हे कार्यालय महाराष्ट्रातल्या एका छोट्या संस्थेचं. नाव दाखवायचं नाही, या अटीवर चित्रीकरणाला परवानगी मिळाली.

परकीय योगदान विनियमन कायदा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला 'एफसीआरए', या कपाटात मावतो तो असा. नोंदणी हवी तर निदान तीन वर्षांचं काम पाहिजे आणि त्या काळात 15 लाख रुपयांचा खर्च झालेला पाहिजे. प्रत्येक पदाधिकाऱ्याचं आधार, प्रत्येकाचं प्रतिज्ञापत्र. नोंदणी पाच वर्षांची, पुढे नूतनीकरण. दरवर्षी 31 डिसेंबरच्या आत एफसी-4 हे विवरणपत्र, सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रासह. वर्षभरात एक रुपया आला नाही तरी 'निरंक' म्हणून ते भरायचंच.

परदेशी निधीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा पूर्वी 50 टक्के होती, आता 20. कार्यालयाचं भाडं, फोन, प्रवास यातच. आणि हे सगळे फॉर्म भरणाऱ्या, समोर बसलेल्या हिशेबनिसांचं मानधनही यातच.

(पायवाट. कार्यकर्त्या पाड्याकडे चालल्या आहेत.)

या दोघी ज्या पाड्यावर निघाल्यात, तिथल्या कामाला थेट परदेशी देणगीदार कधीच नव्हता. शहरातली मोठी संस्था निधी मिळवायची आणि त्यातला वाटा अशा लहान संस्थांना द्यायची. दोन्ही संस्थांची नोंदणी असली तर कायद्याला ते चालत होतं. 2020 च्या दुरुस्तीनं कलम 7 बदललं आणि मिळालेला परदेशी पैसा दुसऱ्या कुठल्याही संस्थेला देणंच बंद झालं, मग ती नोंदणीकृत असली तरी. मुख्य कालव्याला पाणी सोडायचं आणि चाऱ्या बुजवायच्या, तसं झालं.

(संसद भवन, संग्रहित दृश्यं.)

20 सप्टेंबर 2020 ला विधेयक लोकसभेत आलं, 21 ला तिथं मंजूर झालं, 23 ला राज्यसभेत. 29 सप्टेंबरपासून कायदा लागू.

सरकारचं म्हणणं असं, की पैसा ज्या कामासाठी येतो तिथं न लागता भलतीकडे जातो, त्यावर नजर हवी. हा संशय एकाच पक्षाचा नाही. मूळ कायदा आणीबाणीतला, 1976 चा. नोंदणी सक्तीची झाली 1984 मध्ये. 2010 मध्ये तो नव्यानं आणला मनमोहन सिंग सरकारनं, आणि 2012 मध्ये कुडनकुलम अणुप्रकल्पाच्या विरोधामागे परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्था आहेत, असं बोट दाखवलं तेही त्यांनीच.

(मोर्चा, रस्त्यावर बसलेली माणसं.)

2011 च्या नियमांत तर बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेल भरो हे शब्द जसेच्या तसे आले. या मार्गांनी आंदोलन करणाऱ्या संघटनेला 'राजकीय' ठरवून परदेशी निधी रोखता येत होता. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला मर्यादा घातली: सक्रिय राजकारणाशी संबंध नसेल तर नुसत्या आंदोलनावरून निधी अडवता येणार नाही. 2020 च्या दुरुस्त्या मात्र न्यायालयानं एप्रिल 2022 मध्ये उचलून धरल्या. परदेशी देणगी घेणं हा कुणाचा निरपवाद हक्क नाही, असा तो निकाल. सवलत एकच मिळाली, आधारऐवजी पासपोर्ट चालेल.

(दिल्ली उच्च न्यायालय. वर्तमानपत्रांची कात्रणं.)

आता हे कात्रण. 28 मार्च 2014. भाजप आणि काँग्रेस, दोघांनीही ब्रिटनमधल्या वेदांता समूहातल्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन, पक्षांना परदेशी पैसा वर्ज्य ठरवणारा हाच कायदा मोडला, असा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल. पुढे काय व्हावं? 2016 च्या वित्त विधेयकातून 'परदेशी स्रोत' याची व्याख्या बदलून अशा कंपन्यांना त्यातून वाट दिली, तीही मागे जाऊन, 2010 पासून. पण देणग्या त्याच्याही आधीच्या होत्या! मग 2018 च्या वित्त विधेयकात तारीख आणखी मागे नेली: 5 ऑगस्ट 1976. कायदा लागू झाला तो दिवस. लोकसभेत त्यावर चर्चा झाली नाही. संस्थांना 'निरंक' विवरणपत्र चुकवता येत नाही आणि पक्षांची चार दशकं एका कलमात नियमित झाली.

(बंद केंद्र. रिकाम्या खोल्या.)

आजवर 20 हजारांहून जास्त नोंदण्या रद्द झाल्या आहेत. जुलै 2022 मध्ये गृह मंत्रालयानं रद्द झालेल्या संस्थांची यादी आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकली, आणि संस्थांनी भरलेली वार्षिक विवरणपत्रंही.