वाळवणावरची राख

मे महिन्यातली सकाळ. नागपूरच्या उत्तरेला कोराडी-खापरखेडा पट्ट्यातली एक गच्ची. मुगाच्या वड्या वाळत घातल्यात आणि त्यांच्यावर जुनं सुती पातळ अंथरलंय. आम्हाला वाटलं, कावळ्यांसाठी असेल. काकूंनी पातळ उचलून झटकलं. उन्हात उडालं ते पिठाहून बारीक, करडं. राख.

कोराडी म्हटलं की बाहेरच्या माणसाला जगदंबेचं मंदिर आठवतं. इथल्याला आधी औष्णिक वीज केंद्राची धुरांडी दिसतात. 660 मेगावॅटचे तीन संच इथे चालतात. आपल्याकडच्या कोळशात राख फार. शंभर किलो जाळला की तीस-चाळीस किलो मागे उरतेच. ती पाण्यात कालवून पाइपातून राखेच्या बंधाऱ्यात सोडतात. जुलै 2022 मध्ये, भर पावसात, खसाळ्याचा असाच एक बंधारा फुटला आणि राखेचा चिखल शेतांत, नाल्यांत शिरला.

आता हा कूलर बघा. बाहेर बेचाळीस-चव्वेचाळीस, त्यामुळे कूलरशिवाय नागपूरकराची झोप नाही. कूलर बाहेरची हवा ओढतो, हवेसोबत राख येते, ताटी करडी होते. कूलरला वीज लागते आणि ती येते कोळशातून. त्याच कोळशाच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पुढच्या उन्हाळ्यांची तजवीज करत असतो. तो मात्र पातळ झटकून दिसत नाही.

29 मे 2023. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ रणरणते दिवस, सुरू होता. 660 मेगावॅटचे आणखी दोन संच इथे उभारायचे, त्यासाठी कोराडीत जनसुनावणी झाली. ऐन नवतपात! नोकऱ्या येतील म्हणून प्रकल्पाच्या बाजूने बोलणारेही होते. त्यांना चूक म्हणायला आमची जीभ रेटत नाही. बेरोजगारीही याच गावांतली आहे.

पण जनसुनावणी म्हणजे नेमकं काय, हे बहुतेकांना मांडवात बसेपर्यंत कळत नाही. तिथे लोकांचं म्हणणं नोंदवून घेतात, मतदान नसतं. हात वर करून प्रकल्प पडत नाही. प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासण्यासाठीच्या 2006 च्या केंद्राच्या अधिसूचनेत नियम आहेत: किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रांत नोटीस, त्या परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी, सगळ्याचं चित्रीकरण. आणि एक नियम असा, की गणपूर्तीची अटच नाही. मांडव रिकामा असला तरी सुनावणी झाली असंच धरतात. आमच्या मते लोकांनी जायचं ते यासाठी.

घोषणा दिल्याने मन मोकळं होतं, खोटं कशाला बोला. पण फाइलमध्ये जातं ते इतिवृत्त आणि सोबतचे लेखी आक्षेप. ‘प्रदूषण नको’ एवढं लिहिलं तर त्याला उत्तर द्यायला काहीच लागत नाही. ‘गट नंबर अमुक, विहिरीवर राखेचा थर येतो, तमुक तारखेचे फोटो सोबत’ असं लिहिलं की उत्तर द्यावं लागतं. घरात दम्याचा रुग्ण असेल तर दवाखान्याच्या कागदांची झेरॉक्स जोडायची. सारांशात आपल्या गावाचं, नाल्याचं नाव आलंय का, तेही बघायचं. नसेल, तर पहिला आक्षेप तोच.

काकूंनी रेघांच्या कागदावर आपल्या आक्षेपाच्या दोन प्रती काढल्या आहेत. अक्षर मोठं, कुठे कुठे खाडाखोड. दोन का, असं विचारलं, तर त्या आमच्याकडे नवख्यासारखं बघतात. एक अधिकाऱ्यांना द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची.

इतिवृत्त शेवटी सगळ्यांसमोर वाचून दाखवावं लागतं. तोवर बसून राहायचं. निम्मे लोक जेवायच्या वेळेला उठतात.

गच्चीवर आता ऊन चढलंय. वड्या उलटून झाल्या, पातळ पुन्हा अंथरलं. खाली कपाटात, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीतच, आवक-जावकचा निळा शिक्का असलेला तो कागद ठेवलाय. घडीवर राख बसू नये म्हणून पिशवीला रबर लावलंय.