फौजदाराची रात्रीची वही

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिकला त्र्यंबक रोडवर महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. राज्यातले फौजदार, म्हणजे पोलीस उपनिरीक्षक, इथे तयार होतात. पहाटे पी.टी., मग परेड, नंतर कायद्याचे तास, संध्याकाळी पुन्हा ग्राउंड. यातली प्रगती डोळ्यांना दिसते. सुरुवातीला 'दाहिने मुड' म्हटल्यावर डावीकडे वळणारा गडी पुढे अख्खी प्लाटून चालवतो. धावण्यात किती सुधारलो ते घड्याळ सांगतं, नेमबाजीचं टार्गेट सांगतं. पण हाताखालची माणसं आपल्या शब्दावर नीट काम करतील का, हे कोण सांगणार?

म्हणून शिकवायला गेलो की मी सांगतो, रात्री जेवण झाल्यावर वही उघडा आणि आपण दिवसभर कसे वागलो ते लिहा. सुरुवातीला काय लिहून येतं? 'आजचा दिवस चांगला गेला. नेतृत्वगुणांविषयी मोलाची माहिती मिळाली.' असलं वाचून डोकं उठतं. तपासाच्या कागदात हे कुणी खपवून घेईल का?

तपास अधिकाऱ्याला केस डायरी लिहावी लागते. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७२ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९२ आहे. कायदा काय मागतो? खबर किती वाजता मिळाली, तपास कधी सुरू केला, कधी थांबवला, कुठे कुठे गेलात, काय निष्पन्न झालं. तेही रोजच्या रोज. शिवाय डायरी सलग आणि पानांवर क्रमांक घातलेली हवी, म्हणजे नको ते पान गुपचूप फाडायची सोय नाही. दुसऱ्याच्या गुन्ह्याला जी शिस्त, तीच स्वतःच्या दिवसाला लावा, एवढंच माझं म्हणणं.

बंदोबस्ताच्या सरावानंतर एका प्रशिक्षणार्थी मुलीने लिहिलेली नोंद सांगतो. 'चार वाजून दहा मिनिटांनी ब्रीफिंग सुरू. पॉइंट नेमून दिले, वायरलेसचा चॅनेल सांगितला, गर्दी वाढली तर कुठून वळवायची तेही सांगितलं. शेवटच्या पॉइंटवरच्या अंमलदाराने विचारलं, मॅडम, रिलीफ कोण देणार, म्हणजे माझ्या जागी बदली कोण येणार? ते ठरवलंच नव्हतं. पाण्याचंही नाही. मी त्याच्याकडे रागाने पाहिलं. त्यानंतर कुणीच काही विचारलं नाही.'

रिलीफ, पाणी या गोष्टी दुसऱ्या दिवशी दुरुस्त होतात. शेवटच्या दोन वाक्यांना मात्र वेळ लागतो. सिंहस्थात रामकुंडावर उभा असलेला अंमलदार 'मॅडम, इकडे रेटा वाढतोय' हे सांगायला कचरला, तर कागदावरची बंदोबस्त स्कीम कितीही सुबक असली तरी काय उपयोग? नाशिकने २००३ च्या कुंभात चेंगराचेंगरी पाहिली आहे.

आता एक वादाचा मुद्दा. या वहीला गुण द्यावेत का? माझ्या मते मुळीच नाहीत. गुण आले की तिसऱ्या दिवसापासून सगळे आदर्श अधिकारी होतात. इथेही केस डायरीचंच बघा. न्यायालय ती मागवू शकतं, पण पुरावा म्हणून वापरत नाही. चौकशीत मदत व्हावी म्हणून बघतं. निर्देशकानेही वही तशीच वाचावी. कुणाच्या रागीट नजरेची नोंद दुसऱ्या दिवशी परेडवर चेष्टेला आली, तर त्या तुकडीत पुन्हा कुणी खरं लिहिणार नाही.

मुलं हमखास विचारतात, 'सर, ज्या दिवशी काहीच घडलं नाही त्या दिवशी काय लिहायचं?' मी म्हणतो, तसंच लिहा, वेळ आणि कारण टाकून. फक्त 'इतर कामात व्यस्त असल्याने आज तपास करता आला नाही' हे वाक्य नको. ते ठाण्यात रुजू झाल्यावर आपोआप येतंच.

नमस्कार.