चिठ्ठी नसलेलं मँडोलिन

(दृश्य: टेबलावर गोल पाठीचं जुनं मँडोलिन. तबलीच्या (पुढच्या लाकडी फळीच्या) भोकातून आत टॉर्चचा प्रकाश.)

भोकाच्या बरोबर खाली, आतल्या लाकडावर बनवणाऱ्याचं नाव सांगणारी कारखान्याची चिठ्ठी असायला हवी. इथं ती नाही. पण तेवढाच एक चौकोन आजूबाजूच्या लाकडापेक्षा फिका दिसतो. म्हणजे चिठ्ठी होती. सरस सुकला किंवा कसर लागली आणि ती गळून पडली. त्याचं फार वाईट वाटून घेऊ नये. नावाजलेल्या कारागिरांच्या खोट्या चिठ्ठ्या साध्या वाद्यांत चिकटवणं ही या धंद्यातली जुनी खोड आहे. खोट्या चिठ्ठीपेक्षा रिकामी जागा बरी.

चिठ्ठीशिवाय वाद्य कुठलं आणि किती किमतीचं, ते ओळखायचं आहे. आधी हे मँडोलिनच आहे ना, ते बघू. आपल्याकडे मँडोलिन आणि बेंजो यांची घरोघरी सरमिसळ होते. टाइपरायटरसारखी बटणं असतील तर तो बुलबुलतरंग, आपल्याकडे त्यालाच बेंजो म्हणतात. मँडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात आणि त्या व्हायोलिनसारख्याच लागतात: जी, डी, ए, ई. सहा तारा किंवा सहा जोड्या असतील आणि घोडी (तारांना खालून टेकू देणारी पट्टी) तबलीला चिकटवलेली असेल, तर ते बहुधा इटलीतल्या मिलानकडचं वाद्य. त्याचा हिशोब वेगळा.

(दृश्य: मेरूपासून बाराव्या पडद्यापर्यंत लावलेली मोजपट्टी.)

आता माप. मेरूपासून, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाशी तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीपासून, बाराव्या पडद्यापर्यंतचं अंतर घ्या आणि दुप्पट करा. घोडी सुटी असते, सरकलेली असू शकते, म्हणून थेट घोडीपर्यंत मोजू नका. उत्तर ३३ सेंटिमीटरच्या आसपास आलं तर इटलीतल्या नेपल्सच्या घडणीचं वाद्य. ३५ च्या पुढे गेलं आणि पाठ गोल नसून सपाट किंवा थोडी फुगीर असेल, तर अमेरिकन वळणाचं. अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीच्या वाद्यांत चिठ्ठी गेली तरी मानेच्या मुळाशी असलेल्या ठोकळ्यावर कारखान्याचा क्रमांक ठोकलेला सापडू शकतो. भोकातून छोटा आरसा घालून बघावा.

(दृश्य: वाद्य उलटं करून पाठीवरच्या लाकडी पट्ट्या.)

पाठ मात्र सावकाश बघायची. तंबोऱ्याचा भोपळा वेलीवर उगवतो, ही पाठ मात्र पट्टी पट्टी जोडून, लाकडाला बाक देऊन बनवलेली असते. पट्ट्या मोजा. दहा-पंधरा रुंद, सपाट पट्ट्या म्हणजे बाजारू माल. पंचवीस-तीस अरुंद पट्ट्या आणि प्रत्येकीला बोटाला जाणवेल अशी खोलगट पन्हळ असेल, तर करणाऱ्यानं वेळ घातला आहे. रोझवूड, मेपल, अक्रोड ही नेहमीची लाकडं. आत कागद किंवा कापड डकवलेलं असेल तर त्याखाली कधी कधी घाईघाईची सांधणी लपलेली असते.

तबलीवरही खूण आहे. नेपल्सच्या घडणीत तबली सपाट नसते. घोडीच्या मागे ती खाली मोडलेली असते. नेपल्सचा कारागीर पास्क्वाले विनाचिया यानं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे वाद्य पोलादी तारांसाठी घडवलं, तारा ताणायला खुंट्यांऐवजी पेचाची यंत्रं बसवली. साध्या लाकडी खुंट्या दिसल्या तर वाद्य त्याआधीच्या वळणाचं असू शकतं. रोममधल्या नावाजलेल्या कारागिराच्या, लुइजी एम्बेर्गेरच्या वाद्यांची मान अरुंद, पाठीमागून व्ही अक्षरासारखी, आणि पडद्यांची पट्टी किंचित गोलसर. तसं काही हाताला लागलं तर पुढे एक पाऊलही स्वतः टाकू नका, जाणकाराला दाखवा.

आपल्या टेबलावरच्या वाद्याला बारा रुंद पट्ट्या आहेत, पन्हळ नाही, तबलीवर भोकाशेजारी बसवलेली, कासवपाठीसारखी दिसणारी चकती सेल्युलॉइडची (जुन्या प्लास्टिकची) आहे. अशी वाद्यं सिसिलीतल्या कातानियाच्या कारखान्यांतून ढिगांनी बाहेर पडली आणि जगभर गेली. जर्मनीतही तशीच बनत. शंभर वर्षांचं असूनही ते दुर्मिळ नाही.

चकती खरी कासवाची की सेल्युलॉइडची, हे बघायला तापलेली सुई लावण्याचा सल्ला दिला जातो. सेल्युलॉइड भुर्रकन पेटतं, तेव्हा तो सल्ला विसरा.

(दृश्य: तारांची बाराव्या पडद्यावरची उंची मोजणारी पट्टी.)

किंमत ठरते इथं. बाराव्या पडद्यावर तार आणि पडदा यांत दीड ते दोन मिलिमीटर अंतर असावं. तीनच्या वर असेल तर मान पुढे झुकली आहे किंवा तबली बसली आहे. या वाद्यांच्या मानेत पोलादी सळई नसते आणि आजच्या बाजारातल्या आठ तारा मिळून सत्तर-ऐंशी किलोचा ताण देतात. जुनं वाद्य घरी आलं की उत्साहानं नव्या तारा चढवून सुरात लावणं, हाच त्याचा शेवट होतो. चढवायच्याच असतील तर ९ हजारांश इंच जाडीच्या तारेपासून सुरू होणारा हलका संच घ्या. मान सरळ करायचं काम महाग असतं. बाजारू वाद्याच्या बाबतीत दुरुस्ती वाद्याच्या किमतीपेक्षा जास्त होते.

पावसाळ्यात पट्ट्यांचे सांधे सुटतात. ते सरसानंच जोडायचे. फेविकॉल किंवा इपॉक्सी लावलं की पुढच्या कारागिराला ते सहज उघडता येत नाहीत. पॉलिश काढून नवं चढवलं तरी किंमत उतरते.

परदेशी बाजारात अशी साधी, चिठ्ठीविना, न दुरुस्त केलेली वाद्यं साधारण शे-दोनशे डॉलरच्या घरात जातात. मागितलेल्या किमती बघू नका, खरोखर विकल्या गेलेल्या बघा. घरात कुणी हे मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवलं असेल (लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर मूळचे मँडोलिनवादकच), तर रेकॉर्डिंगचे फोटो, पावत्या, पेटीवरचं नाव जपा. त्या कागदांनी भाव वाढतो, सांगोवांगीनं नाही.

आणखी एक. शंभर वर्षांवरची कारागिरीची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते. ती देशाबाहेर पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी. चकती खऱ्या कासवाची असेल तर वन्यजीव कायदाही आड येतो.

(दृश्य: खिडकीशेजारी एकामागून एक फोटो.)

जाणकाराला पाठवायचे फोटो असे: समोरून, पाठीमागून, बाजूनं मानेची रेष, डोक्याची दोन्ही अंगं, यंत्रं, भोकातून आत, प्रत्येक तडा मोजपट्टीसह. फ्लॅश बंद ठेवा, पट्ट्यांची पन्हळ तिरप्या उजेडातच दिसते.