फिशटँकमधल्या गोगलगायीची थंडी

श्रोतेहो, नमस्कार.

निफाडला पारा घसरला की द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला तापमानाचा आकडा पेपरात येतो आणि नाशिककरांच्या कपाटातल्या शाली बाहेर निघतात. आपलं निभावतं. फिशटँकमधल्या गोगलगायीचं तसं नाही. तिच्या अंगात स्वतःची ऊब तयारच होत नाही. पाणी सोळा अंशांवर आलं की तीही सोळा अंशांवर. तिला कमी खर्चात ऊबदार कसं ठेवायचं, ते आज सांगणार आहे.

गोगलगाय कुठली, ते आधी स्पष्ट करते. ॲक्वेरियमच्या दुकानात पिवळी, निळसर, जांभळट अशी मिळते, लिंबाएवढी होते, ती ‘मिस्ट्री स्नेल’. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी मोठी तपकिरी आफ्रिकन गोगलगाय नव्हे. ती कुणी पाळू नका. १८४७ साली मॉरिशसहून ती कलकत्त्याला आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. गोगलगायी शेतात शिरल्या की काय होतं, हे २०२२च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवच्या सोयाबीनवाल्यांनी भोगलं आहे. कोवळी रोपं रातोरात फस्त, दुबार पेरणी. म्हणून हौस फिटली तरी घरातली गोगलगाय नाल्यात किंवा गोदावरीत सोडायची नाही. दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या हौशी माणसाला द्या, पण नदीत नाही.

आता आकडा लक्षात ठेवा. वीस ते अठ्ठावीस. पाणी वीस ते अठ्ठावीस अंश सेल्सिअस असेल तर ही गोगलगाय खाते, फिरते, काच साफ करते. त्याखाली गेलं की मंदावते, आणि आणखी खाली गेलं की झाकण लावून बसते. हे झाकण म्हणजे तिच्या पायाला चिकटलेली तपकिरी, चिवट चकती. अंग आत ओढून घेतलं की ती बरोबर शंखाच्या तोंडावर बसते.

याच झाकणाची गोष्ट मला सांगायची आहे.

आमच्या शेजारच्या वहिनींकडे अशी एक पिवळीजर्द गोगलगाय होती. सहावीतल्या नातवानं तिचं नाव हळदी ठेवलं होतं. टँक खिडकीजवळ, लोखंडी स्टँडवर. हीटर नाही, कारण नाशिकला कशाला लागतोय हीटर, असं घरातल्या सगळ्यांचं मत. डिसेंबरात थंडीची लाट आली. हळदी तळाशी बसली ती हलेना. काकडीचा काप तसाच्या तसा. एक दिवस गेला, दोन गेले, तिसऱ्या दिवशी मुलगा शाळेत गेल्यावर वहिनी मला म्हणाल्या, “अहो, गेली वाटतं ती. तो यायच्या आत कुंडीत पुरून टाकते. रडेल हो पोर.” हातात खुरपं घेऊनच उभ्या होत्या.

वहिनींच्या सासूबाई मूळच्या मालवणच्या. आम्ही सगळेच त्यांना आई म्हणतो. त्या ओट्यापाशी मटार सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, “माका बघूंदे.” हळदीला तळहातावर घेतलं आणि थेट नाकाशी नेलं. वहिनींनी तोंड फिरवलं. आईंनी मात्र शांतपणे वास घेतला, मग नखानं झाकणावर टिचकी मारली. झाकण किंचित आत सरकलं. अगदी किंचित, पण मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

“मरूक नाय ता,” आई म्हणाल्या. “जिता आसा.”

वहिनींना पटेना. तेव्हा आईंनी तिसऱ्यांचं, म्हणजे खायच्या शिंपल्यांचं, सांगितलं. बाजारातून तिसऱ्या आणल्या की टिचकी मारून बघायचं. जिवंत तिसरी तोंड मिटून घेते. मेलेली उघडी पडते आणि तिचा वास घरभर होतो. सत्तर वर्षं तिसऱ्या निवडलेल्या हाताला एक गोगलगाय काय अवघड? आणि हे अगदी खरं आहे, श्रोतेहो. मेलेल्या गोगलगायीचं झाकण सैल पडतं, अंग बाहेर लोंबतं आणि असा वास सुटतो की शंकाच उरत नाही. घट्ट मिटलेली आणि वास नसलेली गोगलगाय जिवंत असू शकते. पुन्हा सांगते. घट्ट मिटलेली, वास नसलेली गोगलगाय टाकून देऊ नका.

वहिनींनी लगेच गॅसवर पाणी ठेवलं. आईंनी तो बंद केला. “मरूक नाय हा ता, पण तू आता मारशीत!” मग त्यांनी जे केलं ते कुठल्याही पुस्तकात शोभलं असतं. टँकमधलंच गार पाणी एका वाडग्यात घेतलं, हळदीला त्यात ठेवलं. परातीत हाताला जेमतेम कोमट लागेल एवढं पाणी घेतलं आणि त्यात तो वाडगा ठेवला. परातीतलं पाणी निवलं की बदलायचं. मटार सोलून झाले, मटारची उसळ झाली, जेवणं झाली, आईंचं परातीकडे लक्ष होतंच. दुपारच्या चहाच्या सुमारास झाकणाच्या कडेला फट दिसली. मग पिवळट मांस, मग शिंगं, धाग्यासारखी बारीक, आणि शेवटी श्वासाची नळी. ही नळी पाण्याबाहेर काढून ती हवा घेते, पंपासारखी डोकं हलवत. मुलगा शाळेतून आला तेव्हा हळदी वाडग्याच्या काठाशी नळी वर करून हवा घेत होती. दप्तरही न काढता तो आईंच्या गळ्यात पडला. खुरपं तोवर बाल्कनीत परत गेलं होतं आणि आजपर्यंत त्याला कुणी काही सांगितलेलं नाही.

टँकमध्ये थर्मामीटर घातला तर पाणी सोळा अंशांवर. संध्याकाळी टँक रिकामा करून खिडकीपासून हलवला आणि आतल्या भिंतीला लावला. नव्या फ्रिजबरोबर आलेलं थर्माकोल गच्चीवर पडून होतं. ते कापून टँकखाली, मागे आणि दोन्ही बाजूंना लावलं. पुढची काच तेवढी मोकळी. वर काचेचं झाकण, हवेला बोटभर फट ठेवून. उघड्या पाण्याची वाफ होताना सगळ्यात जास्त ऊब तीच घेऊन जाते, म्हणून झाकण थर्माकोलइतकंच महत्त्वाचं. शिवाय ही गोगलगाय पाण्यावरची हवा घेते, तीही गार नको.

एवढ्यानं भागलं नाही तर हीटर. लिटरला एक वॉट हा साधा हिशेब. चाळीस-पन्नास लिटरच्या टँकला पन्नास वॉटचा, आपोआप बंद होणारा हीटर पुरतो. दिवसातून दहा तास चालला तर अर्धा युनिट वीज. थर्माकोल लावलं की त्याहून कमी. हीटरभोवती प्लॅस्टिकची जाळी गुंडाळा, कारण गोगलगाय त्यावर चढते आणि भाजते.

गोल बरणीत हे काहीच जमत नाही. तीन लिटर पाणी दुपारी तापतं, पहाटे गारठतं. वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून बरणीत मासा देणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, पुस्तक द्या, रोप द्या, जीव देऊ नका.

पाणी बदलताना नवं पाणी टँकच्या पाण्याइतकंच कोमट हवं. गारठ्यात खाणं निम्मं करा, उरलेली काकडी-पालक सडून पाणी बिघडतं. आणि माशांच्या औषधात तांबं असेल तर ते गोगलगायीला विष आहे. बाटलीवर वाचून घ्या.

वीज गेली तर टँकभोवती गोधडी. हातानं शिवलेली, जुन्या लुगड्यांची, ती ऊब धरते. दुकानातली चकचकीत ब्लँकेटं आली आणि गोधडी शिवणाऱ्या बायकांचं काम गेलं, याचं मला फार वाईट वाटतं. कुणाला येत असेल शिवता तर तिच्याकडून एक शिवून घ्या, पैसे देऊन. तर, गोधडी, आणि प्लॅस्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून टँकमध्ये तरंगत ठेवायचं. एकच बाटली, मग थर्मामीटर बघायचा, मग दुसरी. तासाला एक-दोन अंशांपेक्षा जास्त चढू द्यायचं नाही.

महाशिवरात्रीनंतर थर्माकोल काढून माळ्यावर ठेवा, पुढच्या वर्षी तेच चालेल. हीटर काढताना आधी प्लग काढा, पंधरा मिनिटं पाण्यातच निवू द्या, मग बाहेर घ्या. गरम काच हवेत तडकते. नमस्कार.