रेलवर घासणारी दोरी

(संथ गतीतलं दृश्य : ट्रिगर दाबला जातो, दोरी सुटते)

क्रॉसबो म्हणजे ट्रिगरने सोडायचं आडवं धनुष्य. त्याचा बोल्ट, म्हणजे आखूड बाण, सुटलेला सगळ्यांना दिसतो. दोरी काय करते ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही, म्हणून हे चित्रण इतकं संथ केलंय. लॅच, म्हणजे ओढलेली दोरी धरून ठेवणारी कळ, सुटली. दोरी मोकळी झाली, बोल्ट ज्या पट्टीवर ठेवतात त्या रेलला घासत पुढे निघाली आणि भुजा थांबल्या तिथे खाडकन अडली. बोल्ट चौकटीबाहेर गेला तरी ती अजून थरथरतेच आहे.

शिकारीच्या क्रॉसबोचा ताण, म्हणजे दोरी ओढायला लागणारं बळ, साधारण १५० ते २०० पाऊंड, काहींचा त्याहूनही जास्त. हाताने ओढायच्या शिकारी धनुष्याचा ४० ते ६०. त्या धनुष्यात दोरीला धावायला वीसेक इंच मिळतात, क्रॉसबोत बहुधा दहा ते पंधराच. ताण तिप्पट आणि जागा कमी. शिवाय साध्या धनुष्याची दोरी हवेतून जाते, ही दर वेळी रेलवरून घासत जाते. दोरी निवडताना बाकी सगळं विसरलात तरी हे घासणं विसरू नका.

आणि लोक काय बघून क्रॉसबो घेतात? दुर्बीण, बोल्ट, वेगाचा आकडा. दोरी आली ती आली, आणि तुटली की मिळेल ती.

(चित्र : क्रेसीची लढाई)

हे चित्र लढाईनंतर शंभराहून जास्त वर्षांनी रंगवलेलं आहे. डावीकडे फ्रेंच राजाने भाड्याने आणलेले इटलीतल्या जेनोआचे क्रॉसबोवाले, समोर लांब धनुष्यं घेतलेले इंग्रज. जागा उत्तर फ्रान्समधलं क्रेसी, तारीख २६ ऑगस्ट १३४६. लढाईआधी पावसाची जोरदार सर आली. एका फ्रेंच इतिवृत्तकाराने लिहून ठेवलंय की जेनोआवाल्यांच्या दोऱ्या भिजल्या आणि कामातून गेल्या. इंग्रजांनी मात्र आपल्या दोऱ्या काढून डोक्यावरच्या शिरस्त्राणाखाली ठेवल्या होत्या. हे कितपत खरं, यावर इतिहासकार अजून भांडतात. पण गोष्टीतली एक बाब कुणीही करून पाहू शकतो. लांब धनुष्याची दोरी एक माणूस गुडघ्याच्या आधाराने काढू शकतो. क्रॉसबोची भुजा इतकी ताठ, की अवजाराशिवाय दोरी उतरत नाही. आजही रिकर्व्ह क्रॉसबोला, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या साध्या भुजांच्या, दोरी चढवायची वेगळी दोरी लागते आणि कंपाउंडला, म्हणजे टोकांना चाकं असलेल्याला, भुजा दाबून धरणारा प्रेस.

तेव्हाच्या दोऱ्या हेम्पच्या (भांगेच्या जातीच्या झाडाच्या) किंवा जवसाच्या खोडातून काढलेल्या तंतूंच्या. जाडजूड, मेण चोळलेल्या. विसाव्या शतकाच्या मध्यावर पॉलिएस्टर आलं, म्हणजेच डेक्रॉन. ते पाण्याने कुजत नाही, स्वस्त आहे, आणि ताण आला की थोडं लांबतं. ही लवचीकता वेगाला मारक, पण भुजांना दिलासा देणारी. सत्तरच्या दशकात केव्हलार हा दुसरा कृत्रिम धागा वापरून झाला. लांबायचं नाव नाही, पण दोरीच्या टोकाच्या फाशापाशी पुन्हापुन्हा वाकून आतल्या आत मोडायचं आणि एक दिवस न सांगता तुटायचं.

(दृश्य : पाण्याच्या वाडग्यात टाकलेला पांढरा धागा)

हा धागा बुडत नाहीये. हे पॉलिएथिलीन आहे. प्लास्टिकच्या पिशवीचं जे रसायन तेच याचंही, फक्त रेणूंच्या साखळ्या प्रचंड लांब आणि सगळ्या एका दिशेला ओढून बसवलेल्या. घनता पाण्यापेक्षा जराशी कमी, ०.९७. वजनाला वजन धरलं तर पोलादाच्या कितीतरी पट मजबूत. डायनीमा, स्पेक्ट्रा ही नावं याचीच. १९८०च्या दशकात धनुर्विद्येत हा धागा आला आणि सगळे आकडे बदलले.

याचीही एक खोड आहे. ताणून परत जागेवर येणं वेगळं आणि लांबून तसंच राहणं वेगळं. हा धागा सततच्या ताणाखाली हळूहळू कायमचा लांबतो, आणि उष्णतेत जास्तच. वितळतो १५० अंश सेल्सिअसच्या आसपास, पण ताकद त्याच्या बरीच आधी कमी व्हायला लागते. उन्हात बंद गाडीत क्रॉसबो ठेवू नका म्हणतात, त्याला इतर कारणं आहेतच, पण दोरी हेही एक आहे. यावर तोड म्हणून व्हेक्ट्रान हा आणखी एक कृत्रिम धागा मिसळतात. व्हेक्ट्रान लांबत नाही म्हटलं तरी चालेल, मात्र ऊन त्याला सोसत नाही आणि घर्षणही डायनीमाइतकं सोसत नाही. बाजारात ४५२एक्स नावाचा जो धागा मिळतो त्यात ६७ टक्के डायनीमा आणि ३३ टक्के व्हेक्ट्रान. बीसीवाय-एक्समध्ये व्हेक्ट्रान १७ टक्क्यांवर आणलंय.

मग यातला चांगला कोणता? प्रश्नच उलटा आहे. आधी भुजांची टोकं बघा.

(जवळून : भुजेचं टोक, दोरीच्या खाचेत बोट फिरतंय)

जुन्या किंवा साध्या रिकर्व्ह क्रॉसबोचं हे टोक डेक्रॉनच्या जाड, मऊ दोरीसाठी घडवलेलं आहे. त्यात पातळ, न लांबणारी दोरी अडकवली तर ती खाचेत रुतते. शिवाय अडण्याचा झटका दोरी स्वतःवर घेत नाही, सगळा टोकावर टाकते. टोकं मजबूत केलेली असतील आणि बनवणाऱ्याने तसं लिहिलं असेल, तरच पॉलिएथिलीन. सेकंदाला पाच-दहा फूट जास्त मिळतात म्हणून भुजा पणाला लावण्यात काय शहाणपण आहे, मला कधी कळलेलं नाही.

(दृश्य : दोरी वळण्याचा सांगाडा)

इथून पुढे घाई करायची नाही. दोन खुंट्या, मध्ये ठरलेलं अंतर. एकच धागा या खुंटीवरून त्या खुंटीवर फिरतोय. प्रत्येक फेरी त्याच ताणाने पडली पाहिजे. एक पदर सैल राहिला तर त्याच्या वाटचा भार शेजाऱ्यांवर जातो. वीस-पंचवीस पदर झाले, क्रॉसबो जड असेल तर आणखी. आता टोकांना दुसरा धागा घट्ट गुंडाळून फासे तयार होतायत. मग दोरी ताणावर चढवून ठेवतात. जी काही लांबायची ती इथेच लांबू दे, क्रॉसबोवर नको. जी दोरी हे न करता विकली जाते ती पहिल्या काही बोल्टांतच माप सोडते. विकत घेताना विचारायचा प्रश्न हाच, की ताणून घेतली आहे का.

आता मधला भाग. या गुंडाळीला सर्व्हिंग म्हणतात. कारागिराचा हात बघा. सर्व्हिंगचं अवजार दोरीभोवती फिरतंय आणि प्रत्येक वेढा आधीच्याला चिकटून बसतोय. अंगठ्याचं नख फिरवून तो फट चाचपतोय. रेलवर घासणारा भाग हाच, लॅच पकडते तोही हाच आणि नॉक, म्हणजे बोल्टचं मागचं टोक, टेकतो तोही. म्हणून इथला धागा पदरांच्या धाग्यापेक्षा वेगळा घेतात, वेणीसारखा विणलेला आणि घर्षण सोसणारा. जाडी अंदाजाने चालत नाही. जास्त जाड झाली तर लॅच नीट बसत नाही. बारीक राहिली तर दोरी बोल्टच्या टोकावरून वर किंवा खाली निसटू शकते. अर्धचंद्र, सपाट, दोरी पकडणारा असे नॉकचे प्रकार आहेत. क्रॉसबोबरोबर जो सांगितलाय तोच वापरायचा आणि सर्व्हिंगची जाडी त्याला जुळवायची.

लांबीबद्दल एक सापळा सांगतो. जुनी दोरी मोजून नवी मागवू नका. जुनी वापरून लांबलेली असते, म्हणजे तुम्ही चूकच मोजून पाठवता. माप पुस्तिकेतलं घ्या. आणि ते कसं घेतलंय तेही बघा. धनुष्याच्या दोऱ्यांची रूढ पद्धत अशी : पाव इंच जाडीच्या दोन खुंट्यांवर फासे अडकवायचे, १०० पाऊंड ताण द्यायचा आणि बाहेरच्या कडांपासून मोजायचं. टेबलावर सैल पडलेल्या दोरीची लांबी म्हणजे काहीच नाही.

(दृश्य : एकाच क्रॉसबोवर दोन दोऱ्या, शेजारी शेजारी)

डावीकडे आखूड दोरी, उजवीकडे योग्य. लॅचची जागा दोन्हीकडे तीच. आखूड दोरी तिथवर आणायची तर भुजांना जास्त वाकावं लागतं, ताण वाढतो, भुजा मापाबाहेर सोसतात. दोरी लांब असेल तर उलट : भुजा कमी वाकतात, ताण घटतो, विसाव्याच्या जागी, म्हणजे ओढलेली नसताना, दोरी सैलसर राहते. थोडासा फरक पिळाने भरून निघतो. पीळ वाढवला की दोरी आखूड होते. पण अर्धा इंच चुकलेली दोरी पिळाने जुळवत बसू नका. कंपाउंड असेल तर दोरीबरोबर केबल्सही बदला. त्याही लांबलेल्या असतात, आणि दोन कॅम, म्हणजे भुजांच्या टोकांची चाकं, एकमेकांशी जुळले नाहीत तर नवी दोरीही बोल्ट तिरका फेकते.

चुकीची दोरी तुटली किंवा बोल्टवरून निसटली, तर तो ड्राय फायर, म्हणजे बोल्टचं वजन न पेलता सुटलेला रिकामा मार : भुजा तडकतात, माणसाला इजा होते, किंवा जनावर जखमी होऊन निघून जातं.

(दृश्य : मेणाची कांडी, बोटांची उष्णता)

मेण पदरांना. सर्व्हिंगला नाही, तिथे आणि रेलवर बनवणाऱ्याने सांगितलेलं वंगण, तेही पातळ. जास्त लावलं की धूळ धरतं आणि मग तीच धूळ दोरी कापते. एक पदर तुटलेला दिसला की दोरी संपली. सर्व्हिंगचे वेढे सरकून फट पडली असेल आणि आतले पदर शाबूत असतील, तर ते पुन्हा गुंडाळून घेता येतं.

नवी दोरी चढवल्यावर लगेच दुर्बीण जुळवायला बसू नका. आधी काही बोल्ट मारा, दोरी बसू द्या. मग भुजांच्या बुडापासून विसाव्याच्या दोरीचं अंतर पुन्हा मोजा, हवा तेवढा पीळ द्या. दोरी ओढायच्या आधी, रेलच्या दोन्ही कडांना लागून सर्व्हिंगवर खुणा करा. ओढल्यावर त्या खुणा लॅचपासून दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर आल्या पाहिजेत. एका बाजूला सरकल्या तर पुन्हा ओढा. दोन-तीनदा बरोबर आल्या, की मग दुर्बिणीचे स्क्रू फिरवायला हरकत नाही.