साप कुठं चावला?

(दृश्य: क्लिओपात्राचं नाणं, अगदी जवळून)

हे नाक बघा. बाकदार. हनुवटी पुढे आलेली. इजिप्तची राणी क्लिओपात्रा, तिच्याच कारकिर्दीत पाडलेलं हे नाणं. त्यावर दिसते ती राज्यकर्ती.

प्लुटार्क हा ग्रीक चरित्रकार लिहितो, तिचं रूप काही अतुलनीय नव्हतं. भुरळ पडायची ती तिच्या बोलण्याची. अरब, ज्यू, पार्थियन अशा कितीतरी लोकांशी ती दुभाष्यावाचून बोले. घराणं मूळचं मॅसिडोनियाचं. पिढ्यान्‌पिढ्या इजिप्तवर राज्य करून तिथली भाषा शिकायची तसदी तिच्या पूर्वजांनी घेतली नव्हती. ती शिकली.

आता बोलणं रंगवायचं कसं, ही अडचण मान्य. पण युरोपच्या चित्रकारांना भावलं ते तिचं मरण.

इसवी सनापूर्वी ३० साल. सर्पदंशाची गोष्ट प्लुटार्क सांगतो, खरं काय ते कुणालाच ठाऊक नाही असंही म्हणतो. पण त्याच्या गोष्टीत दंश आहे हातावर.

(दृश्य: ग्वीदो रेनीचं चित्र)

१६२८च्या सुमारास, इटलीत, साप छातीशी पोचलेला. हात बघायला कोण येतंय!

इटालियन चित्रकार काग्नाच्चीच्या, व्हिएन्नातल्या चित्रात साप हातावर आहे खरा. मात्र राणी कमरेपर्यंत उघडी आणि भोवती अर्ध्या उघड्या सहा दासी. प्लुटार्ककडे दासी दोनच, राणी राजवस्त्रांत. त्यातली चार्मियन स्वतः कोसळत असताना राणीचा मुकुट सारखा करत होती. हा क्षण रंगवायला काय हरकत होती?

१८८७मध्ये फ्रान्सचा काबानेल तिला मंचकावर रेलवतो, शेजारी बिबट्या. समोर कैद्यांवर विषाची परीक्षा चाललीय, ती निवांत बघतेय. पाचच वर्षांपूर्वी इंग्रजांनी इजिप्त ताब्यात घेतलेला.

(दृश्य: संगमरवरी शिल्प, हळूहळू वर सरकत)

ही मात्र सिंहासनावर बसलीय. मान कलंडलेली, हात लोंबलेला. मेलेली. शिल्पकार एडमोनिया लुईस, आफ्रिकी आणि ओजिब्वे (अमेरिकेतली एक मूलनिवासी जमात) वंशाची अमेरिकन बाई. १८७६च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात हे मरण बघून काही जण दचकले, काही भारावले.

पुढे शिकागोजवळच्या रेसकोर्सवर हे शिल्प एका घोडीच्या थडग्यावर उभं राहिलं. घोडीचं नाव क्लिओपात्रा. कित्येक दशकं ऊन-पाऊस खाऊन ते आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आलंय. साप अजून तिच्या मुठीत आहे.