लेस पॉल गिटार आणि तिच्या दर्जाचा वाद

श्रोतेहो, नमस्कार. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल या इलेक्ट्रिक गिटारच्या वाट्याला जितके प्रेम आले, तितक्याच तक्रारीही आल्या, आणि गंमत म्हणजे दोन्ही बहुधा एकाच माणसाच्या तोंडून येतात. जो वादक ही गिटार तीस वर्षे गळ्यात अडकवून फिरतो, तोच तिच्या तिसऱ्या तारेला, तिच्या वजनाला आणि ती बनवणाऱ्या कंपनीला सर्वांत जास्त नावे ठेवतो. जुन्या लेस पॉल उत्तम आणि नव्या बेताच्या, हे वाक्य गिटारवादकांच्या जगात इतक्या वेळा उच्चारले जाते की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. आजच्या भाषणात मी ते तपासून पाहणार आहे.

आधी थोडा इतिहास पाहू. लेस पॉल हे अमेरिकेतले एक नामवंत वादक आणि तितकेच खटपटे कारागीर. १९४०च्या सुमारास त्यांनी चार इंच रुंद आणि चार इंच जाड अशा पाइनच्या ओंडक्यावर तारा आणि त्यांच्या कंपनाचा विद्युत संकेत करणारे पिकअप बसवले आणि दिसायला ते गिटारसारखे वाटावे म्हणून दोन्ही बाजूंना पोकळ गिटारचे अर्धे भाग जोडले. ही कल्पना घेऊन ते गिब्सनकडे गेले तेव्हा त्यांना वाटेला लावण्यात आले. पुढे १९५०मध्ये लिओ फेंडर यांनी भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली, ती खपू लागली, आणि मग मात्र गिब्सनला लेस पॉल यांची आठवण झाली. १९५२मध्ये मिशिगन राज्यातल्या कॅलमझू येथील कारखान्यातून सोनेरी रंगाची पहिली लेस पॉल बाहेर पडली. तिची किंमत होती २१० डॉलर. तिच्या आराखड्यात लेस पॉल यांचा वाटा किती आणि कंपनीचे प्रमुख टेड मॅकार्टी यांचा किती, हा वाद दोघांच्या हयातीतही मिटला नाही.

आता ही पहिली गिटार कशी होती ते जरा जवळून पाहू, कारण जुने ते सोने म्हणणाऱ्यांनी हे पाहण्यासारखे आहे. तारा पकडून ठेवणारा दांडा लेस पॉल यांच्या कल्पनेतला होता, आणि तारा त्याच्यावरून जाव्यात असा त्यांचा बेत होता. पण कारखान्यात नेक, म्हणजे गिटारची लांब मान, बसवताना तिचा मागचा कल इतका कमी ठेवला गेला की दांड्यावरून नेलेल्या तारा फिंगरबोर्डापासून, म्हणजे नेकवरच्या बोटे टेकवण्याच्या पट्टीपासून, वाजवता न येण्याइतक्या उंच राहिल्या असत्या. म्हणून तारा दांड्याखालून गुंडाळण्यात आल्या. परिणाम असा झाला की उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवून सूर दाबण्याची जी रोजची क्रिया, तीच करता येईना. म्हणजे पहिल्याच वर्षाची गिटार ही मुळात एक फसलेली जोडणी होती. पुढच्याच वर्षी दांडा बदलला गेला, नेकचा कल वाढवला गेला, आणि गिटार खऱ्या अर्थाने वाजवण्यायोग्य झाली.

वादकांचा जीव जडतो तो मात्र १९५७नंतरच्या गिटारवर. सेथ लव्हर या गिब्सनच्याच अभियंत्याने तयार केलेला हंबकर पिकअप त्या वर्षी लेस पॉलवर आला. त्यात दोन गुंडाळ्या एकमेकींच्या उलट जोडलेल्या असतात आणि त्यांच्याखालच्या चुंबकाचे ध्रुवही विरुद्ध असतात. त्यामुळे तारेच्या कंपनातून निर्माण होणारा विद्युत संकेत दोन्हींमध्ये मिळून वाढतो, तर आजूबाजूच्या विजेच्या तारांमधून आणि दिव्यांमधून शिरणारी गुणगुण एकमेकींना छेदून नाहीशी होते. महोगनीचे जाड अंग, त्यावर मेपलचा घडीव थर, सरसाने कायमची चिकटवलेली महोगनीची नेक आणि पावणेपंचवीस इंचांची तारेची लांबी, एवढे सगळे या पिकअपशी जुळून आले. तारेची लांबी फेंडरच्या गिटारपेक्षा पाऊण इंचाने कमी असल्याने ताण कमी पडतो, तार सहज खेचली जाते, आणि एकदा छेडलेला सूर भरदारपणे बराच वेळ टिकून राहतो. हा भरदारपणा एकदा हाताला आणि कानाला लागला की सुटत नाही, हे मीही कबूल करतो.

१९५८मध्ये सोनेरी रंग जाऊन मेपलचे रेषांचे नक्षीकाम दाखवणारा, कडेला लाल आणि मध्ये पिवळा असा पारदर्शक रंग आला. १९६०पर्यंत अशा गिटार दीड हजारांच्या आसपासच बनल्या असाव्यात, कारण तेव्हा त्यांना गिऱ्हाईक नव्हते. रंगातला लाल भाग उजेडात टिकत नसे. काही वर्षांत तो उडून कुठे मधासारखी, कुठे लिंबासारखी छटा उरे. कारखान्याच्या दृष्टीने हा सरळसरळ दोष होता आणि १९६०मध्ये त्यांनी तो सुधारून न उडणारा लाल रंग वापरायला सुरुवात केली. आज मात्र उडालेल्या रंगाच्या गिटारला न उडालेल्या रंगाच्या गिटारपेक्षा जास्त मान मिळतो. खप नाही म्हणून कंपनीने १९६१मध्ये हा आकारच बंद केला आणि पातळ अंगाची, दोन शिंगांची नवी गिटार काढली.

लेस पॉल परत आली ती वादकांमुळे. इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनी १९६६मध्ये जॉन मेयॉल यांच्या ब्लूजब्रेकर्स या वाद्यवृंदाबरोबर जे ध्वनिमुद्रण केले, त्यात त्यांनी जुनी लेस पॉल मार्शल कंपनीच्या अँप्लिफायरला जोडून आवाज चांगलाच मोठा ठेवला होता. त्या फाटक्या, गुरगुरणाऱ्या आवाजाने एका पिढीला वेड लावले. क्लॅप्टन यांची ती गिटार लवकरच चोरीला गेली आणि पुन्हा मिळाली नाही, पण तोवर मागणी इतकी वाढली होती की १९६८मध्ये गिब्सनला लेस पॉल पुन्हा सुरू करावी लागली.

आणि इथूनच दर्जाचा वाद सुरू होतो. १९६९मध्ये कंपनीची मालकी बदलली आणि नव्या मालकांच्या समूहाला पुढे नॉर्लिन हे नाव मिळाले. नॉर्लिनचा काळ म्हणजे वादकांच्या लेखी घसरणीचा काळ. त्या काळात महोगनीचे अंग एका तुकड्याऐवजी मधोमध पातळ मेपलचा थर घालून दोन फळ्यांचे केले गेले. नेक एका तुकड्याऐवजी तीन तुकडे जोडून होऊ लागली. हेडस्टॉक, म्हणजे नेकचे खुंट्या बसवलेले टोक, मागे झुकण्याचा कोन पन्नासच्या दशकातल्या सतरा अंशांऐवजी चौदा अंश होता आणि नेक व हेडस्टॉक जिथे मिळतात तिथे मागच्या बाजूला लाकडाचा एक उंचवटा ठेवला जाऊ लागला.

श्रोतेहो, हे बदल का झाले ते समजून घ्यायचे तर लेस पॉलचे सर्वांत कुप्रसिद्ध दुखणे पाहावे लागेल. ही गिटार स्टँडवरून मागे पडली की बहुधा एकाच जागी मोडते: नटच्या, म्हणजे ज्या पट्टीच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात तिच्या, लगेच मागे. तिथे लाकूड मुळातच निमुळते असते. त्यात नेक सरळ ठेवणाऱ्या लोखंडी सळईची चावी फिरवता यावी म्हणून समोरून खोबण खणलेली असते. आणि हेडस्टॉक एकाच तुकड्यातून मागे झुकवून कापल्यामुळे लाकडाचे तंतू तिथे आडवे तुटलेले असतात. म्हणजे जिथे सर्वांत जास्त बळ हवे, तिथेच लाकूड सर्वांत दुबळे. नॉर्लिनच्या काळातले तीन तुकडे, कमी कोन आणि मागचा उंचवटा या तिन्हींमुळे ही जागा निश्चित बळकट झाली. तरीही वादकांनी या तिन्ही गोष्टींना दर्जा घसरल्याच्या खुणा ठरवले आणि आजही जुन्या गिटार पाहताना उंचवटा बोटांना लागला की काही जण नाक मुरडतात.

माझे म्हणणे असे की या वादात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक आहे आराखड्यातला दोष आणि दुसरा आहे कारागिरीतला दोष. मान मोडणे हा आराखड्यातला दोष आहे. तो १९५९च्या गिटारमध्येही तितकाच होता. तिसरी तार सूर सोडते हाही आराखड्यातलाच दोष आहे. हेडस्टॉकवर खुंट्या दोन्ही बाजूंना तीन-तीन असल्याने मधल्या दोन तारा नटमधून बाहेर पडताच बाजूला वळतात आणि कोन तीव्र असल्याने खाचेत दाबल्या जातात. तार खेचून सोडली की ती खाचेत अडकते, पूर्ण मागे येत नाही, आणि सूर बिघडतो. सूर लावताना खुंटी फिरवली तर आधी काहीच होत नाही आणि मग टिंग असा आवाज होऊन सूर एकदम वर उडी मारतो. हे लेस पॉल वाजवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. इथे कारागिरीचा प्रश्न येतो तो एवढाच, की खाच नीट घासलेली असेल तर त्रास निम्म्याहून कमी होतो आणि कारखान्यातून ती ओबडधोबड आली असेल तर गिऱ्हाइकाला चिडण्याचा पूर्ण हक्क आहे.

कंपनीने आराखड्यातला दोष दूर करायचा प्रयत्न केला की वादक बिथरतात, याचे अलीकडचे उदाहरण २०१५चे आहे. त्या वर्षीच्या बहुतेक मॉडेलवर आपोआप सूर लावणारी मोटारीची यंत्रणा आणि उंची बदलता येणारा पितळी नट बसवला गेला. यंत्रणा निर्दोष नव्हती आणि लादली गेली होती, हे खरे. पण तिचा हेतू त्याच जुन्या तक्रारीचे उत्तर देण्याचा होता. ओरड इतकी झाली की पुढच्याच वर्षी कंपनीला माघार घ्यावी लागली. २०१८मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली कंपनीने दिवाळखोरीचे संरक्षण मागितले, नवे व्यवस्थापन आले, आणि २०१९मध्ये त्यांनी जी लेस पॉल काढली ती पन्नासच्या दशकाच्या वळणाची: पोकळी न ठेवलेले जड अंग, साध्या खुंट्या, सतरा अंशांचा कोन आणि अर्थात तीच नाजूक मान. वादक खूश झाले.

पोकळीचा किस्साही सांगण्यासारखा आहे. चांगली हलकी महोगनी मिळेनाशी झाल्यावर १९८०च्या दशकात कंपनीने मेपलखाली अंगात नऊ गोल भोके पाडायला सुरुवात केली आणि त्याची फारशी वाच्यता केली नाही. कित्येक वर्षे लोक त्या गिटार वाजवत राहिले आणि त्यांच्या भरीव, ठोस सुराचे कौतुक करत राहिले. भोकांची बातमी पसरल्यावर मग अनेकांना त्यांच्या आवाजात पोकळपणा ऐकू येऊ लागला.

तरीही तक्रार करणाऱ्यांचे सगळेच चुकते असे मी म्हणणार नाही. फिंगरबोर्डाच्या कडेची पांढरी प्लास्टिकची पट्टी घ्या. जुन्या पद्धतीत फ्रेटच्या, म्हणजे फिंगरबोर्डावरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या, टोकाशी ही पट्टी इवल्याशा उंचवट्याने वर येते. पट्टी वर्षांनुवर्षे आकसते आणि उंचवटा व फ्रेट यांच्यात केसाएवढी फट पडते. पहिली तार थोडी बाहेर खेचली गेली की नेमकी त्या फटीत अडकते. हा आराखडा. पण नव्या कोऱ्या गिटारवर त्या पट्टीवर रंग सांडलेला असेल, कानशीचे ओरखडे असतील, नेकच्या सांध्याशी सरस ओघळलेला असेल, तर ती निव्वळ हलगर्जी आहे, आणि काही हजार डॉलर मोजणाऱ्याने ती चालवून घेऊ नये. फिंगरबोर्डाच्या लाकडावरून झालेली बोंब मात्र वेगळी. २००९ आणि २०११मध्ये अमेरिकी सरकारने आयात लाकडाच्या कायद्याखाली गिब्सनच्या कारखान्यांवर छापे घातले, २०१२मध्ये कंपनीने तीन लाख डॉलरचा दंड भरून तडजोड केली, आणि त्या सुमारास काही गिटारवर रोझवूडऐवजी भाजून काळपट केलेले मेपल आले. त्याला वादकांनी हलका माल म्हटले. हाताला मात्र ते गुळगुळीत आणि टणकच लागते.

जुन्या गिटार चांगल्या का वाटतात, याचे एक साधे कारण बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. १९५९ची जी गिटार आज कोणाच्या हाती पडते, तिचे फ्रेट दोन-तीनदा बदललेले असतात, नट नवा असतो, खाचा कसलेल्या हाताने घासलेल्या असतात. साठेक वर्षांच्या दुरुस्त्या तिच्यावर चढलेल्या आहेत. तिची तुलना खोक्यातून नुकत्याच काढलेल्या गिटारशी करणे अन्यायाचे आहे. त्या काळात पिकअपच्या गुंडाळ्याही मोजून समान केल्या जात नसत आणि हाताशी जो चुंबक असेल तो घातला जाई. म्हणून एकाच वर्षाच्या दोन गिटार आवाजाला सारख्या नसत आणि त्यांतली एखादी अगदी सपक निघे. इंग्लिश ब्लूज गिटारवादक पीटर ग्रीन यांच्या सुप्रसिद्ध लेस पॉलमध्ये तर एका पिकअपचा चुंबक उलटा बसलेला होता. त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र चालवले की आवाजाचा मोठा भाग एकमेकांना छेदतो आणि नाकातून आल्यासारखा, विरळ, व्याकूळ सूर उरतो. ती गिटार पुढे गिटारवादक गॅरी मूर यांच्याकडे गेली, २०१४पासून ती मेटालिका या वाद्यवृंदाच्या कर्क हॅमेट यांच्याकडे आहे, आणि ती बिघडलेली जोडणी आता लोक मुद्दाम करून घेतात.

म्हणून लेस पॉल घेऊ पाहणाऱ्याला मी वर्ष विचारत नाही. तिसरी तार खेचून सोडल्यावर सुरावर परत येते का, नेकचा सांधा घट्ट आहे का, बाराव्या फ्रेटच्या वर प्रत्येक सूर स्वच्छ वाजतो का, आणि अर्धा तास उभे राहून वाजवल्यावर खांदा काय म्हणतो, एवढे त्याने स्वतः पाहावे. संग्राहकांचा बाजार वेगळ्या हिशेबाने चालतो. पन्नासच्या दशकात अडीचशे डॉलरच्या आसपास मिळणारी गिटार आज लाखो डॉलरला जाते आणि तिथे मान मोडून जोडलेली असेल तर किंमत जवळपास निम्म्यावर येते. नीट चिकटवलेला सांधा बहुधा मूळ लाकडाइतकाच, कधी त्याहून जास्त पक्का असतो आणि आवाजात कानाला फरक जाणवत नाही. संग्रह करण्यासाठी नव्हे, तर वाजवण्यासाठी जुनी लेस पॉल हवी असेल, तर तशी मोडून जोडलेली शोधावी, असेच मी सांगेन. नमस्कार.